ईएम-18 रीडर रास्पबेरी पाय 3 ला जोडताना मधे काय लावावे?

ग्रंथसेवक: वाचनालयातील सभासदांची नोंद ठेवण्यासाठी आमच्याकडे 125 किलोहर्ट्झची रेडिओ लहरींवर वाचली जाणारी कार्डे, ती वाचणारा ईएम-18 रीडर आणि रास्पबेरी पाय 3 हा छोटा संगणक आहे. रीडर 5 व्होल्टवर चालतो, पायच्या पिनांना मात्र 3.3 व्होल्टपेक्षा जास्त सोसत नाही. व्होल्टेज कमी करायला मधे दोन रेझिस्टर पुरतील का? खर्च दोनशे रुपयांत बसवायचा आहे.

तारजोड: सरळ यूएसबी रीडर घ्या. तो कीबोर्डसारखा आकडा टाइप करतो. माझा दुकानात रोज चालतो. हजारभर रुपये गेले, पण कटकट संपली.

कोकणचा_इलेक्ट्रॉनिक: कीबोर्डसारखा असल्यामुळेच त्याचा आकडा समोर जी खिडकी उघडी असेल तिच्यात जाऊन पडतो. त्यापेक्षा यूएसबी-टीटीएल कन्व्हर्टर (रीडरचे संकेत यूएसबीत बदलणारी पट्टी) घ्यावा. आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये रीडर थेट जोडला आणि पायची पिन कायमची गेली.

चिपवेडा: मुळात 125 किलोहर्ट्झच कशाला? ही कार्डे कोणीही नकलून घेतो. सगळी बदलून मायफेअर जातीची कार्डे घ्या.

कोकणचा_इलेक्ट्रॉनिक: मायफेअर क्लासिक कार्डांचे कूटलेखनही (माहिती गुप्त ठेवणारी संकेतपद्धत) 2008 मध्येच फुटले आहे, आणि इथे तिजोरी नव्हे, पुस्तके सांभाळायची आहेत.

तारजोड: म्हणूनच म्हणतो, यूएसबी रीडर घ्या.

सीरियलप्रेमी: कन्व्हर्टर मीही सुचवेन, पण खरी अडचण पुढेच येते. रीडरची एसईएल पिन (पद्धत निवडणारी) 5 व्होल्टला जोडली नाही, तर तो सीरियलऐवजी, म्हणजे एकाच तारेवर अक्षरे पाठवण्याऐवजी, वीगँड या वेगळ्या पद्धतीने बोलतो. सीरियलचा वेग सेकंदाला 9600 बिट ठेवा. प्रत्येक कार्डामागे बारा अक्षरे येतात, त्यांतली शेवटची दोन पडताळणीची असतात, आणि ओळ संपल्याची खूण येतच नाही. त्यामुळे ओळ वाचण्याची आज्ञा दिल्यास प्रोग्रॅम वाट पाहत अडकतो. मोजून बारा अक्षरे वाचावीत. थेट पिनांवर जोडणार असाल, तर रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग प्रोग्रॅममध्ये सीरियल पोर्ट चालू ठेवून त्यावरचे लॉगिन बंद करा.

ग्रंथसेवक: सर्वांचे आभार. तरीही मी रेझिस्टरच लावणार आहे, कारण रीडर फक्त पाठवतो, ऐकत नाही, म्हणजे एकाच तारेचा प्रश्न उरतो. रीडरच्या टीएक्सपासून (माहिती पाठवणाऱ्या पिनेपासून) 1 किलोओहम, तेथून एक तार पायच्या दहाव्या पिनेला आणि 2 किलोओहम ग्राउंडला (शून्य व्होल्टच्या तारेला). असे केल्यास पिनेवर सुमारे 3.3 व्होल्ट येतात. दोघांचे ग्राउंड एकत्र जोडतो आणि बारा अक्षरांची सूचना तंतोतंत पाळतो.

तारजोड: रेझिस्टर मल्टिमीटरने मोजून घ्या; उलटे लागले तर पिनेवर फक्त 1.7 व्होल्टच्या आसपास पोहोचतील.