कुक्षीच्या शेतात समुद्राचे शंख, मग आपल्या खानदेशात (धुळे, नंदुरबार, जळगाव) का नाहीत?

शहाद्याची भूगोल शिक्षिका
राम राम मंडळी. माझ्या नणंदेचं सासर कुक्षीजवळ, धार जिल्ह्यात. दिवाळीत गेलो होतो तेव्हा त्यांच्या शेताचा बांध पाहिला. आपल्यासारखे काळे दगड नाहीत. पिवळसर पांढरे, गाठीगाठींचे. एकात तळहाताएवढा चपटा, वेटोळं घातलेला शंख होता. दुसरा गोटा लहान लिंबाएवढा, त्यावर पाच पाकळ्यांचं फूल उमटलेलं. नणंदेचे सासरे म्हणाले, नांगराला असे कायम लागतात. आमच्याकडे विहीर खणली की मुरूम, मांजऱ्या (पोकळ्यांचा मऊ दगड), काळा पाषाण, पुन्हा मांजऱ्या. शिंपला कुणी पाहिल्याचं ऐकलं नाही. मधे फक्त सातपुडा आणि नर्मदा, मग एवढा फरक का? वर्गात नीट सांगायचंय.

तळोद्याचा शेतकरी
ताई, आमच्या विहिरीत पांढरे गोळे निघाले, फोडले तर आत काचेसारखे काटे. एका दगडाच्या फटीत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षीपण होती. तेही जीवाश्मच ना?

पाण्याच्या जागा बघणारा, शिरपूर
आधी दादांचं सांगतो. ते गोळे जीवाश्म नाहीत. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, नंतर झिरपणाऱ्या पाण्यातून त्या पोकळ्यांत झिओलाइट नावाच्या खनिजाचे आणि गारगोटीचे स्फटिक वाढले. नेच्यासारखी नक्षी मँगनीजची. फटीतून पाणी गेलं, धातू मागे राहिला, फांद्याफांद्यांसारखा पसरला. पान असतं तर मधली शीर दिसली असती.

ताई, तुमचे दोन्ही दगड मात्र खरे समुद्राचे आहेत. चपटा शंख अमोनाइटचा. हा माकुळाचा नातेवाईक, फक्त अंगावर शंख वागवणारा. देव्हाऱ्यातला शाळीग्रामही अमोनाइटच, पण तो नेपाळातल्या गंडकीचा आणि वयाने आणखी जुना. तुमच्या भागात प्लॅसेंटिसेरस आणि कोइलोपोसेरस हे दोन अमोनाइट प्रसिद्ध आहेत, दोघेही चपटे. पाच पाकळ्यांचा गोटा म्हणजे सी अर्चिन (समुद्रतळावरचा काटेरी गोल प्राणी), बहुधा हेमिअ‍ॅस्टर. हा तळाच्या गाळात स्वतःला पुरून घेऊन जगायचा. त्या पाकळ्यांच्या बारीक छिद्रांतून त्याचे नळीसारखे पाय बाहेर यायचे, त्यातूनच तो श्वास घ्यायचा. मला अमोनाइटपेक्षा हाच जास्त आवडतो, कारण तो तिथला तळ मऊ होता हे थेट सांगतो.

या खडकांना बाघचे थर म्हणतात, कुक्षीजवळच्या बाघ गावावरून. सगळ्यात खाली निमाड वालुकाश्म, बाघची बौद्ध लेणी त्यातच कोरली आहेत. त्यावर गाठींचा चुनखडक, तुमच्या बांधावरचा. त्याच्यावर लालसर चुनखडक, त्याला जुन्या लोकांनी प्रवाळ चुनखडक म्हटलं, पण भिंगातून पाहिलं तर काड्यांसारखे तुकडे दिसतात ते बहुतेक ब्रायोझोआचे (वसाहत करून राहणारे इवले समुद्री जीव), प्रवाळाचे नव्हेत. खाली वाळू आणि वर चुना म्हणजे किनारा आत सरकत गेला आणि नदीची वाळू पोचेनाशी झाली. हे साधारण 9 कोटी वर्षांपूर्वीचं, क्रिटेशस काळातलं, म्हणजे डायनोसॉरच्या युगातल्या शेवटच्या काळातलं. नर्मदेची खचलेली दरी तेव्हाही सखल होती, तिच्यातून पश्चिमेचा समुद्र आत घुसला होता. पश्चिमेचाच कशावरून? 1865 मध्ये इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ डंकन यांनी इथले सी अर्चिन तपासले, ते आग्नेय अरबस्तानातल्यांशी जुळले. तमिळनाडूत त्रिचीकडेही, म्हणजे पूर्वेच्या बाजूला, क्रिटेशस समुद्राचे खडक आहेत, त्यांच्याशी मात्र फारसं जमेना.

आपल्याकडे का नाही, तर आपल्या भागावर लाव्हा आहे, आपला काळा पाषाण म्हणजे तोच थिजलेला. दख्खनचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे तो समुद्र हटून दोन कोटींहून जास्त वर्षं झाल्यावर आला. तो लाव्हा बाघवरही होता. तिथे तो नद्यांनी कापून काढला म्हणून खालचं उघडं पडलं. सातपुड्यात आणि शहाद्यात तो अजून जाड आहे, शिवाय तापीकाठी त्यावर नदीचा गाळ. आपली पाण्याची बोअर लाव्ह्याच्या बुडाशी पोचत नाही.

शहाद्याची भूगोल शिक्षिका
म्हणजे आपल्या पायाखालीही तो समुद्र असू शकतो? आणि डायनोसॉरच्या अंड्यांची बातमी होती ती याच खडकांची का?

पाण्याच्या जागा बघणारा, शिरपूर
समुद्राचेच थर असतील असं नाही, पण लाव्ह्याखाली गाळाचे जुने खडक आहेत. हैदराबादच्या एनजीआरआयने (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) सेंधव्यावरून खानदेशातल्या सिंदाडपर्यंत स्फोटांच्या लहरी जमिनीत सोडून पाहिल्या. काळ्या पाषाणात लहर वेगाने जाते, गाळाच्या खडकात मंदावते. नर्मदा आणि तापीच्या मधे लाव्ह्याखाली अशी मंद पट्टी सापडली. त्यात शंख आहेत की नाही, ते खोल ड्रिलिंग केल्याशिवाय कळणार नाही. माझ्या जिवंतपणी कुणी तिथे ड्रिल लावावं अशी फार इच्छा आहे.

अंडी वेगळी. ती लॅमेटा थरातली, बाघच्या थरांच्या वर आणि लाव्ह्याच्या खाली. तोवर समुद्र गेला होता, जमीन आणि गोड्या पाण्याची तळी होती. तिथे डायनोसॉर अंडी घालायचे. 2023 मध्ये धार जिल्ह्यातली 92 घरटी आणि 256 अंडी प्रसिद्ध झाली. मुलांना तीन पानं काढायला लावा: खाली समुद्र, मधे जमीन, वर लाव्हा.

धुळ्याचा विद्यार्थी, बी.एस्सी.
आम्हाला सहलीला जायचंय. दगड आणता येतील का?

पाण्याच्या जागा बघणारा, शिरपूर
शहादा, खेतिया, पानसेमल, बडवानी, कुक्षी, बाघ असा रस्ता धरा. बाघला डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आहे, तिथून काहीही उचलू नका. शेतात शेतकऱ्याला विचारा. हातोडा कमी चालवा, फोटो जास्त काढा, शेजारी पट्टी ठेवून. दगड जागेवरून हलला की तो कोणत्या थरातला हे गेलंच. चुनखडक ओळखायला खरवडून भुकटी करा आणि त्यावर लिंबू पिळा, बारीक फेस येतो. गारगोटीवर येत नाही.

ताई, अमोनाइटचा कडेकडून घेतलेला फोटो टाका. कड धारदार आहे की छाटल्यासारखी सपाट, त्यावरून प्लॅसेंटिसेरस की कोइलोपोसेरस ते बघू.