अनुभव धागा : सगळं शहर वाजतंय असं तुम्ही कधी, कुठं ऐकलंत?

टिळकवाडीची अक्का

भाच्यानं पॅरिसहून व्हिडिओ पाठवलेत, सकाळपासून तेच बघत बसलेय. २१ जूनला तिकडं 'फेत द ला म्युझिक', म्हणजे संगीताचा सण, असते. एका कोपऱ्यावर आफ्रिकन ढोल, वळून पुढं गेलं की एक आजोबा ॲकॉर्डियन वाजवतायत, त्यांच्या पलीकडं शाळेतल्या पोरींचा कोरस. तिकीट नाही की पास नाही. रात्री दहाला तिकडं नुकता सूर्य मावळतोय आणि अख्खं शहर रस्त्यावर.

भाचा सांगत होता, १९८२ मध्ये फ्रान्सचे सांस्कृतिक मंत्री जॅक लांग आणि त्यांच्या खात्यातले संगीताचे संचालक मॉरिस फ्लरे यांनी हे सुरू केलं. त्यांच्या हाती एक पाहणी आली होती. देशातल्या दर दोन तरुणांपैकी एकाला कुठलं ना कुठलं वाद्य येतं, असं तिच्यात निघालं. मग ही सगळी माणसं दार लावून का वाजवतायत, त्यांनी बाहेर यावं, म्हणून वर्षातला सगळ्यांत मोठा दिवस धरला. कसलेले गवय्ये आणि कालपरवा गिटार घेतलेला पोरगा, दोघांनाही तोच रस्ता. आता शंभराहून जास्त देशांत होतं म्हणे.

बघता बघता मला आमचं बेळगावच्या कॅम्पातलं घर आठवलं. वडील मिलिटरीत, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला. संध्याकाळी मैदानावर पाइप बँडचा सराव चालायचा. त्या स्कॉटिश बॅगपाइपचा एक सूर सतत खाली धरलेला असतो आणि वर चाल फिरत राहते. आमच्या गाण्याच्या बाई म्हणायच्या, बघा गं, तिकडच्यांचा पण तंबोरा. त्याच वेळी चर्चमधून प्रार्थना ऐकू यायची आणि आई देव्हाऱ्यापुढं हरिपाठ म्हणत असायची. स्कॉटलंड, गोवा आणि आळंदी एकाच खिडकीतून आत यायचे. मला वाटायचं सगळ्याच गावात असं असतं.

तुमच्याकडं काय काय वाजायचं? लिहा. मोठं लिहा, लहान लिहा, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलंही चालेल.

खडेबाजार_कट्टा

शिवजयंतीची मिरवणूक. दुसरं काय सांगायचं! वैशाखातली ती रात्र, चित्ररथ येत राहतात आणि पहाट होते. आम्ही दुकानाच्या कट्ट्यावर पोती टाकून जागा धरायचो. लेझीम पुढं गेली की ढोल, ढोल गेले की झांजपथक, मधे एखादी हलगी आली की म्हातारी माणसंसुद्धा पाय हलवायची. एका गल्लीचा ताल अजून कानात असतो तोवर दुसऱ्या गल्लीचा त्यावर चढतो. लहान असताना मी डोळे मिटून ओळखायचो कुठल्या गल्लीचं पथक आलं ते.

अनगोळ९०

@खडेबाजार आमचं पथक ओळखलं असतं काय सांगा की ओ 😀

खडेबाजार_कट्टा

तुमचं तर लांबनंच. ढोल बसवून वाजवायचा तुम्ही, घाई नाही. ऐकायला थांबावंच लागायचं.

खानापूरची_लेक

भात लावणीची गडबड आहे, पटकन लिहिते. अक्का तुमच्या व्हिडिओतले आफ्रिकन ढोल म्हणालात ना, ते आमच्या तालुक्यातच आहेत. जंगलाच्या कडेनं सिद्दी लोकांच्या वस्त्या आहेत, तिकडं हल्याळ-यल्लापूरला जास्त पण खानापुरातही आहेत. पूर्वज पूर्व आफ्रिकेतून आणलेले, पोर्तुगीजांच्या वेळेला गुलाम म्हणून. त्यांचा डमामी नाच बघितलाय कुणी? बायका गातात, डमाम वाजतो आणि अंग आपोआप हलायला लागतं. माझ्या वर्गात एक सिद्दी मुलगी होती, मराठी माझ्यापेक्षा चांगली बोलायची. गॅदरिंगला तिनं आणि तिच्या आईनं डमामी केला. हेडसरांनी तीनच मिनिटं दिलेली. टाळ्या थांबेनात म्हणून परत लावला. माझी आजी शेवटच्या बाकावर बसून रडत होती. का ते तिनं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. बाकीचं रात्री लिहिते, चिखल वाट बघतोय.

वडगाव_माग

आमच्या गल्लीत दिवसभर मागाचा ठोका. पाहुणे म्हणायचे झोप कशी येते तुम्हाला. आम्हाला माग बंद पडला की जाग यायची. वडील मागावर बसूनच रेडिओ ऐकायचे. बेळगावात बसलं की तीन बाजूंनी स्टेशन लागायचं, सांगलीला मराठी, धारवाडला कन्नड आणि शास्त्रीय, पणजीला कोकणी. काटा थोडा सरकला की देश बदलायचा. धारवाडवर गवई मल्लिकार्जुन मन्सूरबुवा लागले की वडील माग थांबवायचे. मजुरी बुडायची. आई काही म्हणायची नाही, तीपण दारात येऊन उभी राहायची.

सुळेभावी_स्टेशन

मन्सूरबुवांचं नाव काढलंत म्हणून. आमच्या गावाला रेल्वेतून लोक बघतसुद्धा नाहीत, पण ८ एप्रिल १९२४ ला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ आमच्या सुळेभावीत जन्मले, म्हणजे आपले कुमार गंधर्व. आणि त्याच वर्षी डिसेंबरात बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं. तिथं स्वागतगीत गायला धारवाडहून एक लहान मुलगी आली होती, ती म्हणजे गंगूबाई हनगल. आमचे मास्तर हे दरवर्षी सांगायचे आणि म्हणायचे, ह्या मातीला १९२४ विसरायची परवानगी नाही. मी कुमारजींना प्रत्यक्ष ऐकलं नाही. वडिलांनी ऐकलंय. ते गाणं कसं होतं विचारलं की ते सांगत काही नाहीत, गुणगुणायला लागतात.

निपाणीचा_बाळू

आमच्याकडं सौंदत्तीला निघालेल्या बैलगाड्या. यल्लम्माच्या पुनवेला रात्रभर रस्त्यानं चौंडकं वाजायचं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी : लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं, आतनं एक तार. काखेत धरून तार ताणली की सूर वर, ढिली सोडली की खाली. एका तारेत सगळं गाणं. गाणारे जोगते अर्धं मराठीत अर्धं कानडीत गायचे आणि आम्हा पोरांना सगळं कळायचं. आज कुणी म्हणतं सीमेवर भाषेचं भांडण. चौंडक्याला कुणी विचारलं नव्हतं तू कुठल्या बाजूचा.

कोरे_गल्ली

+१ बाळू. आमच्या वाड्यात चौंडकंवाली यायची, आई तिला भाकरी आणि ठेचा द्यायची, गाणं झाल्याशिवाय ती खायची नाही.

गोवावेस_मावशी

पॅरिस म्हणालात म्हणून सांगते. आपली भजनातली पेटी मूळची तिकडचीच. १८४० च्या दशकात पॅरिसला देबॅं नावाच्या कारागिरानं काढली, पायानं भाता मारायची. आपल्याकडं खाली बसून हातानं भाता मारायची केली. माझे आजोबा भजनी मंडळात पेटीवर होते. रेडिओवर १९४० पासून पेटीला बंदी होती, हा त्यांच्या जिवाचा सल. १९७१ ला ती बंदी उठली तेव्हा त्यांनी गल्लीत दुधाचा गोड कुंदा वाटला. आजीनं विचारलं नातू झाला का काय!

बर्लिनहून_स्नेहा

मावशी कुंदा म्हणू नका, इथं रात्रीचे अकरा वाजलेत आणि मला आता कुठं मिळणार 😭 इथंही २१ जूनला फेत असते. यंदा आमच्या चौकात साझ नावाचं तुर्की तंतुवाद्य, त्याच्या शेजारी ब्राझीलचे ढोल. मी उभी राहून ऐकलं आणि मला एकदम कपिलेश्वर तलावावरचं विसर्जन आठवलं. रडू आलं भर रस्त्यात. शेजारच्या जर्मन आजींनी पाण्याची बाटली दिली.

गोवावेस_मावशी

अगं बाळ. पत्ता पाठव वेगळा, पुढच्या महिन्यात धाकटा चाललाय तिकडं. कुंदा देते बांधून. पण फ्रिजमध्ये ठेवायचा हं.

जुना_क्लॅरिनेट

वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लाल कोट, सोनेरी पट्टी. नोटेशन येत नव्हतं, रेडिओवर एकदा ऐकलं की दुसऱ्या दिवशी वरातीत वाजवायचे. पावसाळ्यात लग्नं नसायची, मग ते घरी बसून वाद्य पुसायचे आणि हळू वाजवायचे, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. शेजारी येऊन सांगायचे, अण्णा जरा मोठ्यानं. गेल्या वर्षी गेले. अक्का, तुमचं ते वाचलं, दार लावून का वाजवतायत, आणि लिहावंसं वाटलं.

टिळकवाडीची अक्का

दादा, वाचून थांबले मी. वाद्य आहे का घरात अजून? कुणी शिकतंय?

जुना_क्लॅरिनेट

आहे. मुलगी फुंकून बघते. श्वास पुरत नाही अजून तिचा, दहा वर्षांची आहे.

कॅम्पातला

पुरेल. सावकाश होऊ द्या. आमच्या पाइप बँडमधल्या पोरांचापण पहिले काही महिने पुरत नसतो, गाल दुखतात.

येळ्ळूर_वारकरी

ह्या दिवसांत आमच्याकडं एकच, दिंडी. आषाढीला पायी जाणाऱ्यांचे टाळ-मृदंग गावोगावी ऐकू येतात. मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात ना, ते काम लहानपणी माझं. कणीक जास्त झाली की आवाज बसतो, कमी झाली की फाटतो.

आता एक मनातलं बोलतो. गणपतीत आणि मिरवणुकीत जी डॉल्बी लावतात तिच्यापुढं टाळ कुणाला ऐकू येणार? रात्री दहानंतर आवाज बंद ह्या नियमाचं कागदावर बरं आहे. माझ्या वडिलांना कमी ऐकू येतं, पण टाळ त्यांना कळायचा, हातात धरून. मागल्या मिरवणुकीत भिंत हादरली आणि ते आत जाऊन बसले. हे मला सहन होत नाही. वाजवा, पण माणसानं वाजवलेलं वाजवा.

अनगोळ९०

अगदी बरोबर माउली. आमच्या मंडळात ह्यावरून भांडण झालं आणि यंदा ढोलच ठरलेत. वडिलांना घेऊन या, पुढं खुर्ची ठेवतो.

हिंडलगा_आई

सगळं वाचलं पण भाजी करपली 😄 मला विचारायचं होतं, तिकडच्यासारखा एक दिवस आपल्याकडं का करू नये? गल्लीगल्लीत, ज्याला जे येतं ते. भजन, गिटार, चौंडकं, चर्चचं कॉयर, सिद्दींचा डमाम, सगळं.

कॅम्पातला

२१ जूनला? बेळगावात? छत्री धरायची की हलगी?

निपाणीचा_बाळू

आणि पावसात कातडं ढिलं पडतं ताई. हलगी शेकायला जाळ लागतो, जाळ करायला कोरडी जागा लागते. मृदंग तर काढूच नये बाहेर.

हिंडलगा_आई

मग डिसेंबरात करूया. नाताळ, थंडी, पोरांच्या परीक्षा नाहीत. तिकडं सूर्य उशिरा मावळतो म्हणून जून, आपल्याला काय त्याचं.

सुळेभावी_स्टेशन

डिसेंबर म्हणजे अधिवेशनाचापण महिना. मी येतो. वडिलांनापण आणतो, गुणगुणतील तेवढं ऐका.

खानापूरची_लेक

आले परत. माझ्या त्या मैत्रिणीचा नंबर आहे माझ्याकडं, तिला विचारते. तिची आई अजून गाते.

अनगोळ९०

ढोल आमचे. पण नीट ठरवा, आधी कोण मग कोण, नाहीतर सगळे एकदम चढतात.

वडगाव_माग

तिकडं एकदमच वाजवतात की. चालत जायचं, जिथं बरं वाटेल तिथं थांबायचं. मला ते आवडलं बघा, कुणी पहिला नाही कुणी शेवटचा नाही.

शहापूर_सूर

विषय सोडून विचारतोय, रागावू नका. आईचा तंबोरा माळ्यावर आहे, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीजवळ आवाज मेलाय. डिसेंबरपर्यंत होईल का नीट? बेळगावात कुणी करतं का मिरजेलाच न्यायचा?

गोवावेस_मावशी

मिरजेलाच ने. तिथल्या शिकलगारांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच काम, पूर्वी हत्यारं घडवायचे, मग तंबोरे. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनपण मिळालं. तुझी नुसती जवारी, म्हणजे तारेची गुंज, गेली असणार, घोडी घासून देतील. भोपळ्याला चीर आहे का बघ आधी.

शहापूर_सूर

चीर नाही मावशी. एक खुंटी सैल आहे.

गोवावेस_मावशी

मग काही काळजी नको. पाऊस उघडल्यावर ने पण, ओल्या हवेत लाकूड फुगतं. आणि तारा काढू नकोस तू, सैल करून तशाच राहू दे, गवसणी घाल आणि मांडीवर घेऊन जा. डिकीत टाकायचा नाही.