घरच्या मशीनच्या मोटरला नुसतं बटण पुरे, का स्टार्टर लागतोच?

शेडवाला (जुळे सोलापूर)
माझं मत सरळ मांडतो, पटलं नाही तर खुशाल बोला. घरच्या शेडमध्ये टेबल सॉ असो, लेथ असो, बेल्ट ग्राइंडर असो, एक एचपीची मोटर 16 अँपिअरच्या सॉकेटला पिन खुपसून नुसत्या बटणावर चालवायची नाही. डीओएल (डायरेक्ट ऑन लाइन) स्टार्टर, म्हणजे हिरव्या-लाल बटणाचा मोटर चालू-बंद करणारा डबा, लावायचाच. कारण आपल्याकडं लाईट जाते आणि न सांगता येते. मागं एका ओळखीच्या पोराच्या शेडमध्ये उभा होतो, सागाची फळी अर्धी कापून झालेली आणि लाईट गेली, पातं थांबलं, पोरानं बटण तसंच चालू ठेवून फळी काढायला दोन्ही हात पुढं घातले, मी ओरडलो म्हणून ते मागं सरकलं तेवढ्यात लाईट आली आणि फळी उडून मागच्या पत्र्यावर आदळली, पत्र्याला पोचा आला. स्टार्टर असता तर लाईट गेल्याबरोबर त्याचा कॉइल (आतला स्विच ओढून धरणारा विजेचा चुंबक) सुटला असता आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरलीच नसती. एवढ्या एका कारणासाठी मी स्टार्टर म्हणतो, बाकीचे फायदे नंतर.

लूमवाले अण्णा
शेडवाले, तुमची काळजी बरोबर आहे पण प्रत्येकाला खर्चात घालायची गरज नाही. आमच्या पूर्व भागात घराघरात माग चालले, मेन स्विच वर केला की मोटर चालू, खाली केला की बंद, लाईट गेली तर पोरं आधी स्विच पाडायची, ही सवय लहानपणापासून अंगात होती. एक एचपीची मोटर सहा-सात अँपिअर घेते, त्याला 16 चा एमसीबी (जादा करंटला आपोआप पडणारा स्विच) आणि चांगलं डीपी स्विच (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारं) बक्कळ झालं. स्टार्टरचे पैसे अडीच स्क्वेअर एमएमच्या कॉपर वायरीत घाला, ते जास्त उपयोगाला येतील. वायर बारीक असली की मोटर उचलताना व्होल्टेज पडतं आणि मोटर नुसती घुमते.

वायरमन, आयटीआय पास
अण्णा, वायरीचं शंभर टक्के मान्य. पण एमसीबीचा हिशोब बघा की. 16 अँपिअरचा एमसीबी 18 अँपिअरपर्यंत तासभर पडत नाही, तो तसाच बनवलेला असतो, कारण त्याचं काम वायर वाचवायचं आहे, मोटर नाही. तुमची सात अँपिअरची मोटर बोथट पात्यामुळं बारा अँपिअर ओढत राहिली तर एमसीबीला पत्ताच लागणार नाही आणि वायंडिंग जळून जाईल. मोटर जाम झाली तर पस्तीस-चाळीस अँपिअर जातो, तेव्हासुद्धा तो लगेच पडेल असं नाही, कित्येक सेकंद घेऊ शकतो. मोटरच्या नेमप्लेटवर जो अँपिअर लिहिलाय त्यावर सेट केलेला ओव्हरलोड रिलेच (मोटर जादा करंट ओढत राहिली की ती बंद पाडणारा भाग) मोटर वाचवतो आणि तो स्टार्टरमध्येच असतो.

आणि मागाचं उदाहरण इथं लागू होत नाही अण्णा. पट्ट्याच्या मागाला लाईट आली की मोटर फिरते, पण हँडल ओढल्याशिवाय माग उचलत नाही. टेबल सॉला मधे हँडल नाही, मोटर फिरली की पातं फिरलं.

घेणाऱ्यांनी एक बघून घ्या, दुकानात डीओएल मागितला की पुष्कळदा थ्री फेजच्या पंपाचा 415 व्होल्ट कॉइलवाला हातात येतो, तो सिंगल फेजवर ओढतच नाही किंवा नुसता खडखडतो. 230 चा कॉइल म्हणून सांगा. आणि रिले तीन पोलचा असेल तर करंट तिन्ही पोलमधून फिरवून न्या, एक पोल रिकामा सोडला तर काही कारण नसताना ट्रिप होत राहतो.

रिवायंडिंगवाला
तुम्ही दोघं मोटर वाचवताय, माणसाचं काय? माझ्याकडं जळकी मोटर आली की मी पहिलं विचारतो अर्थिंग आहे का, आणि जुन्या पेठांतल्या घरातून आलेली असली की बहुतेक उत्तर नाही. कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनला जंपर टाकतंय. ह्याच्याइतकं वाईट काही नाही, न्यूट्रल कुठं तुटला की मशीनच्या अख्ख्या बॉडीला 230 व्होल्ट येतात, आणि स्टार्टर असो नसो, लोखंडाला हात तुमचाच लागणार. 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, आधी, स्टार्टर मग.

आणि अर्थिंग एकदा केलं म्हणजे झालं असं सोलापुरात धरू नका. आपली काळी माती पावसाळ्यात चांगली धरते, पण एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि रॉडपासून सुटते, रेझिस्टन्स वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी सोडत जा. नळाला अर्थ बांधू नका, आता मधे कुठंतरी पीव्हीसी पाइप असतोच. कपॅसिटरवाली मोटर उघडायची असेल तर पिन काढून कपॅसिटर बल्बवरून डिस्चार्ज करून मगच हात लावा.

नवा मेकर
एवढं सगळं करण्यापेक्षा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा स्पीड बदलणारा ड्राइव्ह, घ्या ना सर. सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर, जुन्या मार्केटातून मागाची एक एचपीची थ्री फेज मोटर आणली की झालं, ओव्हरलोड त्यातच आहे, स्पीड पण कमीजास्त होतो. आज स्टार्टर म्हणजे जुना विचार आहे.

वायरमन, आयटीआय पास
भावा, व्हीएफडी चांगलाच आहे, पण घाई करू नको. आपल्याकडच्या लहान मोटरी बहुतेक 415 ला स्टारमध्ये (तिन्ही वायंडिंगचं एकेक टोक आत एकत्र जोडून) बांधलेल्या असतात आणि डब्यात तीनच वायरी बाहेर आलेल्या असतात. 230 च्या व्हीएफडीला ती डेल्टात (वायंडिंग टोकाला टोक जोडून, त्रिकोणात) लागते, म्हणजे सहा टोकं बाहेर पाहिजेत, नाहीतर मोटर उघडून आतला स्टार पॉइंट शोधून टोकं काढावी लागतात. दुसरं, व्हीएफडीला साधं चालू-बंद बटण जोडलं आणि सेटिंग तसं असलं तर लाईट आल्यावर तोही आपोआप चालू होतो. म्हणजे शेडवाल्यांनी जे सांगितलं तिथंच परत. पुश बटणवाला कंट्रोल कर, आणि व्हीएफडी ते मोटर मधे कुठलाही स्विच टाकू नको.

लूमवाले अण्णा
बरं, टेबल सॉ आणि रंधा मशीन, जिथं पातं उघडं आहे, तिथं स्टार्टर मला मान्य. मागाच्या हँडलचा मुद्दा खरा आहे. पण अर्ध्या एचपीच्या पिलर ड्रिलला किंवा घरच्या चक्कीलाही लावाच म्हणणार असाल तर मी ऐकणार नाही, गरीब माणूस एवढं ऐकून मशीनच घेणार नाही.

शेडवाला (जुळे सोलापूर)
अण्णा, चक्कीचं सोडतो. ड्रिलचं नाही सोडत. बिट जॉबमध्ये (ज्याला भोक पाडतोय त्या तुकड्यात) अडकलेलं, जॉब हातात धरलेला आणि लाईट आली तर जॉब गरागरा फिरतो, मनगट मोडतं. त्याला पूर्ण डीओएल नको असेल तर नो-व्होल्टवालं, म्हणजे लाईट गेली की आपोआप सुटणारं, पुश बटण स्विच मिळतं, बरंच स्वस्त, त्यात ओव्हरलोड नसतो एवढंच. रिवायंडिंगवाल्या भाऊंचं मान्य, आरसीसीबी आधी. माझ्या शेडला तो आहे, पण त्याचं टेस्ट बटण दर महिन्याला दाबून बघायचं असतं हे किती जण करतात ते सांगा.