मदत हवी आहे: टोकियोत एका दिवसासाठी प्रायव्हेट गाईड घ्यावा का? (सोबत आई-बाबा आहेत)

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या मध्यावर आम्ही जपानला चाललोय. मी, नवरा, मुलगा (वय ११) आणि माझे आई-बाबा. आई ६९, बाबा ७४. क्योतो-ओसाकाचं सगळं ठरलंय, गाडी अडलीय ती टोकियोच्या एका दिवसापाशी. तिथे तसे तीन दिवस आहोत पण त्यातला एक अख्खा दिवस मला फक्त आई-बाबांच्या चालीने घालवायचाय, आणि त्यासाठी प्रायव्हेट गाईड घ्यावा का, घेतला तर काय बघून घ्यावा, हे विचारायला हा धागा काढलाय.

हे एवढं का, तर मागे एका टूर कंपनीबरोबर आई-बाबांना युरोपला पाठवलं होतं. चाळीस जणांचा ग्रुप, सकाळी सहाला बॅगा बाहेर, प्रत्येक ठिकाणी "वीस मिनिटांत बसपाशी या". आईचे गुडघे दुखतात, ती भरभर चालू शकत नाही, मग तिसऱ्या दिवसापासून ती बसमध्येच बसून राहायला लागली आणि बाबा तिच्यासोबत. घरी आल्यावर फोटो दाखवताना ती म्हणाली, "हे बाहेरून पाहिलं, हेही बाहेरून पाहिलं." मला ते फार लागलं. यावेळी असं होऊ द्यायचं नाहीये.

दुसरं कारण बाबा. बाबा पोस्टात होते, आयुष्यभर नेताजींवर मिळेल ते वाचत आलेत. टोकियोतल्या सुगिनामी भागात रेंकोजी नावाचं छोटं बौद्ध मंदिर आहे, तिथे १९४५ च्या सप्टेंबरपासून नेताजींच्या अस्थी ठेवल्यात असं मानलं जातं. (त्या अस्थींवरून वाद आहेत ते मला माहितेय, बाबांनाही माहितेत, कृपया इथे तो विषय नको.) जपानची तिकिटं काढली हे सांगितलं तेव्हा बाबांनी बाकी काही विचारलं नाही, फक्त "टोकियोत जायचंय का?" एवढंच. मी काय ते समजले.

आता अडचण अशी की मी जे जे रेडीमेड डे टूर बघितले त्यात सगळीकडे तेच, आसाकुसा, मेइजी जिंगू देऊळ, शिबुया, त्सुकिजी आणि मग अकिहाबारा, सगळं आठ तासांत. रेंकोजी कुठेच नाही. तीन ठिकाणांहून कोटेशन आलंय:

एक बाई आहेत, सरकारी परवाना असलेल्या, आठ तास पायी आणि ट्रेनने, ५५ हजार येन, वर त्यांचं ट्रेनभाडं, तिकिटं आणि जेवण आपल्याकडे. आजच्या दराने ३३ हजार रुपयांच्या आसपास. दुसरा एक तरुण मुलगा, वेबसाईटवरून मिळाला, सहा तासांचे ३२ हजार येन, परवाना नाही पण त्याचे रिव्ह्यू खूप छान आहेत. तिसरं, मोठी गाडी, ड्रायव्हर आणि वेगळा गाईड, दहा तास, १ लाख ३० हजार येन. हे ऐकून नवरा म्हणाला एवढ्यात घरी नवीन सोफा येईल, पण आईच्या गुडघ्यांचा विचार केला की मला गाडीच बरी वाटते.

तर प्रश्न असे,

परवान्याने खरंच फरक पडतो का? गाडी घ्यावी की ट्रेन-टॅक्सी चालेल? सांगितलं तर गाईड रेंकोजीला नेतात का? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही, तिचं दुपारचं जेवण कुठे करावं? बाबा आणि आम्ही सगळं खातो.

मुलाला शिबुयाचं ते मोठं क्रॉसिंग बघायचंय, ते नाही झालं तर तो रुसणार, पण ते वेगळ्या दिवशीही करू शकतो.

ज्यांनी वयस्कर माणसांना घेऊन टोकियो केलंय त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद – निशीकासाईकर

ताई, मी नऊ वर्षं टोकियोत राहतोय, एदोगावा वॉर्डात, इथे आपली भारतीय मंडळी भरपूर आहेत. माझे आई-वडील दोनदा येऊन गेले त्यामुळे तुमचं म्हणणं पुरतं कळलं.

परवान्याचं असं आहे की २०१८ पर्यंत इथे पैसे घेऊन परदेशी लोकांना गाईड करायचं तर सरकारी परीक्षा पास असणं सक्तीचं होतं. २०१८ ला कायदा बदलला आणि परवाना नसलेल्यांनाही परवानगी मिळाली, फक्त त्यांनी परवानाधारक म्हणून मिरवायचं नाही. म्हणजे तो तरुण मुलगा बेकायदेशीर नाही. पण परीक्षा अवघड असते, इतिहास, भूगोल, भाषा सगळं असतं, त्यामुळे परवानेवाल्यांकडून देवळांबद्दल ऐकायला मजा येते. हिंदी त्या परीक्षेच्या भाषांमध्ये नाही, तेव्हा इंग्रजीच धरून चला आणि तुम्ही आईंना मराठीत सांगत राहा.

गाडीबद्दल मात्र सावध राहा. पैसे घेऊन माणसं नेणाऱ्या गाडीची नंबरप्लेट हिरवी असते. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी घेऊन कोणी "मी गाईड पण आणि ड्रायव्हर पण" म्हणालं तर नको म्हणा, ते इथे बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विम्याचे वांधे.

माझं मत, गाडी नको. टोकियोत दिवसा गाडी ट्रॅफिकमध्ये रखडते आणि देवळाच्या दारापर्यंत ती जातेच असं नाही. बाईंना घ्या, ट्रेनने फिरा आणि आई दमल्या की टॅक्सी. टॅक्सी सुरुवातीला ५०० येन, साधारण एक किलोमीटरपर्यंत, मग वाढत जाते. पण एका टॅक्सीत प्रवासी चारच बसतात आणि तुम्ही गाईड धरून सहा, म्हणजे दोन टॅक्सी लागतील, हे हिशोबात धरा. टिप द्यायची नाही, इथे ती पद्धत नाही, उलट अवघडून जातात.

प्रतिसाद – भटकी

मी गेल्या वर्षी सासूबाईंना घेऊन केलं, त्या ७२ च्या. एक गोष्ट कळकळीने सांगते, गाईडला बुकिंग करतानाच लिहा की पायऱ्या नकोत. टोकियोच्या स्टेशनांत लिफ्ट असते पण ती ठराविक एक्झिटलाच असते, चुकीच्या एक्झिटने गेलं की चाळीस पायऱ्या चढायच्या. आमच्या गाईडने आदल्या दिवशीच कुठल्या डब्यात बसायचं म्हणजे उतरल्यावर लिफ्ट समोर येईल ते लिहून काढलं होतं. सासूबाई दिवसभर एकही जिना चढल्या नाहीत. माझ्या मते गाईडचे पैसे तिथेच वसूल झाले, इतिहास वगैरे वरची कमाई.

आसाकुसाच्या सेन्सोजी मंदिरात मुख्य सभामंडपाला लिफ्ट आहे, बाजूला आहे, पटकन दिसत नाही. समोरची नाकामिसे गल्ली अडीचशे मीटर आहे आणि दहानंतर नुसती गर्दी, म्हणून आठला पोचा. दुकानं तेव्हा बंद असतात पण देऊळ सकाळी साडेसहालाच उघडतं. आमच्या सासूबाईंना रिकाम्या गल्लीतून चालत जाऊन त्या मोठ्या उदबत्तीच्या कुंडापाशी उभं राहणं सगळ्यात आवडलं, धूर अंगावर घेतात तिथे, दुखऱ्या भागावर घेतला की बरं वाटतं म्हणतात. त्यांनी गुडघ्यांवर घेतला.

दिवसात तीनच ठिकाणं ठेवा. चौथं घेतलंत की पुन्हा तेच युरोप.

आणि नोव्हेंबरच्या मध्यावर साडेचारला सूर्य मावळतो हे लक्षात असू द्या, मेइजी जिंगू सूर्यास्ताला बंद होतं. तिथला रस्ता खडीचा आहे आणि हाराजुकूकडच्या दारातून देवळापर्यंत दहा-बारा मिनिटं चालावं लागतं, आईंच्या चालीने वीस धरा. पण चुकवू नका. १५ नोव्हेंबरच्या आसपास तीन, पाच आणि सात वर्षांची मुलं किमोनो घालून आई-आजीबरोबर येतात, शिचि-गो-सान म्हणतात. कुठलीही आजी ते बघून हरखून जाईल.

प्रतिसाद – पायीच_बरं

मी वेगळं सांगतो. जपानमध्ये गुडविल गाईड म्हणून स्वयंसेवक असतात, निवृत्त लोक, शिक्षक, गृहिणी, ते फी घेत नाहीत, फक्त त्यांचं भाडं, तिकिटं आणि जेवण आपण द्यायचं. आम्हाला ६८ वर्षांचे एक काका मिळाले होते आणि ते इतक्या प्रेमाने फिरवत होते की आम्ही आजही पत्र पाठवतो. ३३ हजार रुपये वाचतील. महिनाभर आधी अर्ज करा.

धागाकर्तीचं उत्तर

पायीच_बरं, खूप आभार, हे मला माहीतच नव्हतं. पण मला ठरलेल्या दिवशी नक्की माणूस हवाय, शेवटच्या क्षणी कोणी मिळालं नाही तर बाबांचं रेंकोजी राहून जाईल, तेवढी जोखीम नको वाटते. क्योतोसाठी मात्र मी नक्की अर्ज करते.

भटकीताई, तुमचा डब्याचा मुद्दा वाचून मी लगेच त्या बाईंना मेल टाकला. त्यांचं उत्तर आलंय, आईला एका वेळी किती पायऱ्या जमतात, मधे बसायला किती वेळाने लागतं, रात्री झोप कशी असते, सगळं विचारलंय. मला तर तिथेच निम्मं उत्तर मिळालं.

रेंकोजीबद्दल कोणी सांगेल का? गाईडबाई म्हणतात तिथे नेईन, पण त्या स्वतः कधी गेलेल्या नाहीत.

प्रतिसाद – निशीकासाईकर

मी दोनदा गेलोय. अगदी वस्तीतलं छोटं देऊळ आहे, शोधत गेलं तरच सापडेल. आवारात नेताजींचा अर्धपुतळा आहे आणि राजेंद्रप्रसाद, नेहरू, इंदिरा गांधी, वाजपेयी येऊन गेले त्याचे कोरीव फलक आहेत. आवार बघता येतं पण मुख्य सभामंडप रोज उघडा नसतो, म्हणून गाईडबाईंना जपानीत आधी फोन करायला सांगा, हे काम परदेशी माणसाने मेलवर करण्यापेक्षा त्यांनी केलेलं शंभर पटीने बरं. दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे स्मरणाचा कार्यक्रम होतो, तेव्हा गर्दी असते, नोव्हेंबरमध्ये तुम्हीच असाल.

आसाकुसाहून मेट्रोची गिंझा लाईन घ्या, आकासाका-मित्सुकेला उतरा, तिथे त्याच प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या बाजूला मारुनोउची लाईन येते, एकही पायरी नाही. ओगिकुबोकडे जाणारीच गाडी पकडा, होनान्चोला जाणारी नाकानो-साकाउएला वेगळी फुटते. हिगाशी-कोएंजीला उतरा, तिथून दहा मिनिटं चाल, आईंसाठी टॅक्सी.

प्रतिसाद – जुनी_पानं

रेंकोजीला जाताय तर परत येताना शिंजुकूला उतरा, मारुनोउची लाईनवर चारच स्टेशनं. स्टेशनच्या पूर्व बाजूला नाकामुराया आहे. १९१५ मध्ये ब्रिटिशांच्या दबावाने क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना देशाबाहेर काढायचा हुकूम निघाला तेव्हा ह्याच नाकामुराया बेकरीच्या सोमा कुटुंबाने त्यांना लपवून ठेवलं. पुढे १९१८ मध्ये त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी, रासबिहारींचं लग्न झालं, आणि १९२७ मध्ये नाकामुरायात रासबिहारींच्या पद्धतीची भारतीय करी विकायला लागले, ती आजही मिळते. ह्याच रासबिहारींनी १९४३ मध्ये सिंगापूरला स्वातंत्र्याच्या चळवळीची सगळी सूत्रं नेताजींच्या हाती दिली. तुमच्या बाबांना ह्यातलं बरंचसं माहीत असणार, पण ती करी तिथे बसून खाणं वेगळं. करी चिकनची आहे, आईंना चालणार नाही.

आईंचं जेवण: सूप, नूडल्स, अगदी भाजीच्या तेंपुराबरोबरची चटणी, सगळ्यात दाशी असते, म्हणजे सुक्या माशाचं पाणी. "व्हेज आहे का" विचारलं तर हो म्हणतील कारण त्यांच्या लेखी मांस नाही म्हणजे व्हेज. गाईडला सांगताना "मासा नाही, माशाचं पाणी नाही, अंडं नाही" असं तोडून सांगा. शिंजुकूत भारतीय हॉटेलं आहेत, तुम्ही दोघी तिकडे आणि बाबा-नातू नाकामुरायात, तासाभराने भेटा.

धागाकर्तीचं उत्तर

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. बाबांना मी हे काहीच सांगितलेलं नाहीये, तिथेच सांगेन.

तर ठरलं. परवानावाल्या बाई, गाडी नाही. आठला आसाकुसा, मग मेट्रोने रेंकोजी, शिंजुकूला जेवण, अडीचपर्यंत मेइजी जिंगू. साडेचारनंतर नवरा आणि मुलगा हाराजुकूहून पुढच्याच स्टेशनला, शिबुयाला जातील, आम्ही तिघं हॉटेलवर.

शेवटचं एक, बाबा म्हणतील तिथे हार घालूया. इथून हार नेला तर चालेल का?

प्रतिसाद – निशीकासाईकर

हार नका आणू, ताजी फुलं जपानमध्ये आणायची तर आपल्याकडच्या कृषी खात्याचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावरच काढून घेतात. इथे फुलवाल्याकडे पांढरी शेवंती मिळते, मृतांना तीच वाहतात. गाईडबाईंना सांगून ठेवा, त्या सकाळी घेऊन येतील, म्हणजे बाबांना शोधत फिरावं लागणार नाही.