मदत हवी आहे: पक्षीनिरीक्षण गटात ‘आयडी प्लीज’ आणि ‘लोकेशन द्या’वरून रोजची भांडणं

माळटिटवी (धागाकर्ता)

जिल्ह्यापुरत्या एका पक्षीनिरीक्षण गटाची व्यवस्था माझ्याकडे आहे. गट व्हॉट्सअ‍ॅपवर, सदस्य चारशेच्या आसपास. त्यातले तीसेक जण जुने: ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) नेमाने याद्या टाकणारे, आवाजावरून वटवट्यांसारखे छोटे, एकसारखे दिसणारे पक्षी ओळखणारे. बाकीचे बहुतेक अलीकडचे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातात दुर्बिणीआधी कॅमेरा आलेला.

भांडणाची कारणं ठरलेली आहेत. धूसर फोटो पडतो, खाली ‘आयडी प्लीज’. कुठला, कधीचा, काही नाही. जुने एक तर गप्प बसतात, नाहीतर ‘पुस्तक उघडा’ म्हणून मोकळे होतात. शृंगी घुबडाचा फोटो आला की लगेच ‘लोकेशन?’ सुरू. त्यावर उत्तर ‘पश्चिम घाट’ किंवा ‘पृथ्वी’. मग नवे विचारतात, पक्षी तुमच्या मालकीचे आहेत का? तिसरं कारण घरट्यांचे फोटो आणि कॉल वाजवणं, म्हणजे पक्षी जवळ यावा म्हणून त्याच्याच आवाजाची ध्वनिफीत मोबाइलवर लावणं.

५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह. त्या आठवड्यात एकदम खूप नवे लोक येतात. त्याआधी नियम लिहून काढायचे आहेत. ‘सर्वांनी सौजन्याने वागावे’ छापाचे नकोत. ओळखीसाठी काय विचारावं, कोणती ठिकाणं झाकावी, कोणती खुशाल सांगावी, एवढं नेमकं हवं आहे.

तांबट

ओळखीपासून सुरुवात करा, ते त्यातल्या त्यात सोपं आहे. ‘पुस्तक उघडा’ हे उत्तर निरुपयोगी आहे, कारण नव्या माणसाला कोणतं पान उघडायचं तेच माहीत नसतं. पण नुसता फोटो टाकणं हाही प्रश्न होत नाही. खालची माहिती असल्याशिवाय ओळख विचारायची नाही, असं सरळ लिहा:

तारीख आणि वेळ, तालुका, अधिवास (माळ, शेत, पाणवठा, झाडी, वस्ती), आकार चिमणीएवढा, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा, पक्षी काय करत होता, आणि शेवटी, तुमचा अंदाज काय आणि का.

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. ‘शिक्रा वाटतो, छातीवर आडव्या रेघा आहेत’ असं लिहिलं की उत्तर देणाऱ्याला चूक नेमकी कुठे होते आहे ते कळतं. मग तो सांगू शकतो की रेघा आणि शेपटीचे पट्टे पावशालाही असतात. चोच आकडीसारखी बाकदार आहे की साधी ते बघा, डोळ्याभोवती पिवळं कडं आहे का बघा. अंदाज चुकला तरी चालेल, कोरा नको.

तारीख कशाला, असं नवे विचारतात. हिरवट वटवट्या आपल्याकडे हिवाळी पाहुणा. जून-जुलैत कुणी त्याचं नाव घेतलं तर फोटो बघण्याआधीच शंका घेता येते. निम्मी ओळख तारीख आणि ठिकाणावरच होते.

फोटो एकच पाठवू नका. चोच, पाय, शेपूट दिसतील असे दोन-तीन द्या. बगळ्यांचं बघा. मोठ्या बगळ्याच्या जिवणीची रेघ डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्याची डोळ्याखालीच थांबते. छोट्या बगळ्याचे पाय काळे आणि बोटं पिवळी. चिखलात उभ्या, पाठमोऱ्या पक्ष्याच्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही, मग पंधरा जण पंधरा नावं घेतात आणि भांडण पक्ष्यावरून माणसांवर येतं. कॅमेऱ्याच्या पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो तर नकोच. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मर्लिनचं वेगळं लिहा. ते अ‍ॅप आवाज ऐकून नावं सुचवतं, खात्री देत नाही. आपल्याकडे कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, पल्लेदार शेपटीचा भृंगराज तर अनेकांच्या नकला करतो. मर्लिनच्या यादीचा स्क्रीनशॉट म्हणजे नोंद नव्हे. ज्या ध्वनिफितीवरून नाव आलं ती पाठवा.

गव्हाणी

तांबट, बाकी सगळं मान्य. पण ‘मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ याला मर्यादा घाला. मोबाइलने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश असू शकतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ते निघून जातात, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तसेच राहतात. बगळ्याला हरकत नाही. घुबडाच्या ढोलीचा फोटो तसा गेला तर पत्ताच गेला.

आता ठिकाणाविषयी, जरा सविस्तर.

जुन्यांची मोठी चूक अशी की ते सगळंच झाकतात. पाणवठे, अभयारण्यं, गावाजवळचे तलाव सांगायला काय हरकत आहे? भिगवण, नांदूर मध्यमेश्वर, कर्नाळा, ऐरोलीची खाडी, पुण्याजवळचं कवडीपाट, गोव्यातलं चोडण ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. नव्या माणसाला अशी दहा ठिकाणं, जायचा महिना आणि पोचायची वेळ यांसकट लिहून दिली की ‘लोकेशन?’चा निम्मा मारा थांबतो. त्याला बहुतेक वेळा त्या विशिष्ट घुबडाचा पत्ता नको असतो, रविवारी सकाळी कुठे जायचं ते हवं असतं.

झाकायची यादी छोटी आणि कारणांसकट असावी. माझ्या मते ती अशी. कोणत्याही पक्ष्याचं चालू घरटं. घुबडांची दिवसा बसायची जागा. शिकारी पक्ष्यांची आणि गिधाडांची वीण. माळरानावरची भोवत्यांची (हॅरियर या शिकारी पक्ष्यांची) रात्रीची वस्ती. माळढोक, तणमोर, रानपिंगळा या दुर्मीळ पक्ष्यांच्या सगळ्याच नोंदी. बस्स. यात नसलेल्या पक्ष्याचं ठिकाण विचारलं तर सांगायचं.

घुबडांचं कारण नव्यांना नीट सांगा, कारण तिथेच सर्वांत जास्त वाद होतात. घुबड महिनोन्‌महिने एकाच जागी दिवस काढतं. माणसं जमली की ते भर उन्हात उडतं आणि कावळे मागे लागतात. शृंगी घुबड घरटं बांधत नाही. खाणीच्या किंवा ओढ्याच्या कड्यावर उघड्या मातीतच अंडी घालतं. मादी उठवली की अंडी उन्हात पडतात. ही वीण साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या सुरुवातीपर्यंत चालते, म्हणजे तुमच्या पक्षी सप्ताहाची गर्दी नेमकी तिच्या तोंडावर येते. शिवाय दिवाळीच्या आसपास जादूटोण्यासाठी घुबडं पकडली जातात. चारशे जणांच्या गटातला पत्ता कुठपर्यंत जाईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

याची दुसरी बाजू जुन्यांना लागू करा. ज्याचं ठिकाण सांगता येत नाही, त्याचा फोटोही वीण संपेपर्यंत गटात टाकायचा नाही. फोटो टाकायचा, वाहवा घ्यायची आणि ठिकाण विचारल्यावर ‘पृथ्वी’ लिहायचं, याला संवर्धन म्हणत नाहीत. भांडणाची ठिणगी तिथेच पडते.

ई-बर्डवर संवेदनशील ठरवलेल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण आपोआप झाकलं जातं. इतरांना फक्त २० किलोमीटरचा चौकोन दिसतो. पण त्या यादीत नसलेल्या पक्ष्याच्या घरट्याची काळजी तुम्हालाच घ्यावी लागते: यादी उशिरा टाका, किंवा नेमकी खूण न देता गावाचं ठिकाण निवडा. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ‘अस्पष्ट’ हा पर्याय आहे, तो नोंद ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवतो. आणि फोटोच्या मागची पवनचक्की, देवळाचा कळस, खाणीचा ओळखीचा कडा कापून टाका. स्थानिकाला तेवढ्यावरून जागा कळते.

चष्मेवाला

नव्यांच्या बाजूने एकच मुद्दा. आज घरट्याच्या फोटोवरून ओरडणाऱ्या कित्येकांच्या प्रोफाइलवर पिलांना भरवणाऱ्या स्वर्गीय नर्तकाचे फोटो अजून झळकताहेत. नवा माणूस ते बघूनच हा छंद म्हणजे काय ते ठरवतो. नियम लागू करायच्या दिवशी जुन्यांनी ते फोटो काढून टाकावेत. नाहीतर ‘आमचं झालं, आता तुम्हाला बंदी’ एवढाच त्याचा अर्थ निघतो.

तुतवार

ई-बर्डवरून होणारी चिडचिड राहिली. नोंदीबद्दल विचारणा आली की नव्यांना ती चौकशी वाटते. तुमच्या नियमांत दोन ओळी घाला. प्रत्येक भागासाठी आणि महिन्यासाठी प्रजातींच्या संख्येची चाळणी लावलेली असते. तिच्या बाहेरची नोंद आली की तपासणारे स्वयंसेवक तपशील मागतात. नोंद पुष्टी न झालेली राहिली तरी ती तुमच्या स्वतःच्या यादीतून जात नाही, फक्त सार्वजनिक नकाशावर येत नाही.

उत्तरात ‘मी नक्की पाहिला’ लिहून उपयोग नाही. काय दिसलं, किती अंतरावरून, कोणत्या मिळत्याजुळत्या प्रजाती कशावरून वगळल्या, एवढं लिहा. फोटो असेल तर वाईट असला तरी जोडा.

माळटिटवी

सगळ्यांचे आभार. छोटी यादी आणि फोटोचा नियम दोन्ही घेते. चष्मेवाल्यांचा मुद्दा जुन्यांना कितपत पचेल शंका आहे, पण मांडते. कॉल आणि घरटी राहिली. ‘किती मीटर लांब राहायचं’ हे सगळे विचारतात. आणि हे सगळं रोज सांगत कोण बसणार? तीसपैकी उत्तरं देणारे पाच-सहाच आहेत आणि तेही कंटाळलेत.

नवरंग

मीटर लिहू नका. बागेतला बुलबुल पाच मीटरवरही खपवून घेईल, माळावरची धाविक पन्नासवर उठेल. वागणं लिहा. चोचीत चारा धरलेला पक्षी घरट्याकडे न जाता शेजारच्या फांदीवर बसून ओरडत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत असेल किंवा पंख मोडल्याचं सोंग करत असेल, तर अंडी तुमच्या पायाजवळच असू शकतात. आल्या वाटेने, खाली बघत मागे फिरा. फोटोसाठी घरट्यासमोरची पानं-फांद्या बाजूला करायच्या नाहीत. त्याच आडोशावर ऊन आणि कावळे अडलेले असतात.

कायदाही नावानिशी लिहा, नुसतं ‘गुन्हा आहे’ नको. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, कलम २(१६): शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं, अंडी किंवा घरटी विचलित करणं येतं. शिकार म्हणजे बंदूक, असंच बहुतेकांना वाटत असतं.

कॉल वाजवल्यावर पक्षी ‘येतो’ तो पाहुणचाराला नव्हे. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो चरणं सोडून भांडायला येतो. पावसाळ्याच्या तोंडावर नवरंग पक्षी ओरडायला लागतात, तेव्हा त्याच रानात रविवारी चार टोळ्या लागोपाठ कॉल वाजवतात. प्रत्येक टोळीला वाटतं, आपण तर दोनदाच वाजवला. म्हणून ‘जपून वापरा’ हा नियम चालत नाही. सहलीत एप्रिल ते सप्टेंबर कॉल पूर्ण बंद, घुबडांना वर्षभर बंद, असं लिहा. काही जुने कुरकुरतील. गणनेसाठी वापरतो म्हणतील. गणना वनखात्याच्या परवानगीने वेगळी होते, रविवारची सहल म्हणजे गणना नाही.

तांबट

कंटाळलेल्यांसाठी: गटाची कम्युनिटी करा आणि ‘ओळख’ हा उपगट वेगळा काढा. तिथे आठवड्याला दोघांची पाळी लावा. पाळी नसलेल्याने उत्तर दिलंच पाहिजे असं नाही, पण टोमणा मारायचा नाही. पाळीवाल्याने नावापुढे एक खूण लिहायची: ‘मध्यम बगळा, जिवणीची रेघ डोळ्याखाली थांबते.’ नुसतं नाव दिलं तर तोच माणूस परवा तोच बगळा घेऊन परत येतो. नेहमीच्या जोड्यांसाठी चित्रांसह उत्तरं एकदाच तयार करून ठेवा: तिन्ही बगळे, शिक्रा-पावशा, दोन पाणकावळे, घार आणि ब्राह्मणी घारीचं पिल्लू. प्रश्नांचा मोठा भाग यातच असतो.

सप्ताहातली पहिली सहल पाणवठ्यावर ठेवा. मोठे, स्थिर, उघड्यावरचे पक्षी. एका जुन्यामागे चार नवे. पहिला अर्धा तास कॅमेरे पिशवीत, दुर्बीण हातात. कोणती विकत घ्यायची विचारतील त्यांना ८×४२ (आठ पट वाढवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) सांगा. १२ किंवा २० पट वाढवणारी हातात थरथरते आणि पक्षी सापडतच नाही. मग प्रत्येक तुकडीने १५ मिनिटं एका जागी थांबून ई-बर्डची पूर्ण यादी करायची, म्हणजे ओळखता आलेले सगळे पक्षी, कावळे-पारव्यांसकट.

माळटिटवी

पिन करायचा मजकूर असा करते आहे, नजर टाका:

‘ओळख विचारताना तारीख, तालुका, अधिवास, आकार, वागणं आणि स्वतःचा अंदाज लिहा. चालू घरट्याचा, कोणत्याही घुबडाचा, आणि यादीतल्या दुर्मीळ पक्ष्यांचा फोटो वा ठिकाण गटात टाकू नका. हे जुन्या सदस्यांनाही लागू. इतर सर्व ठिकाणं विचारा, मिळतील. कॉल: एप्रिल ते सप्टेंबर बंद, घुबडांना कायम बंद. नियम मोडला तर व्यवस्थापक आधी खासगीत कळवतील. गटात कुणीही कुणाला सुनावू नये.’

गव्हाणी

चांगला आहे. फक्त ‘कोणत्याही घुबडाचा’च्या जागी ‘दिवसा बसलेल्या कोणत्याही घुबडाचा’ करा. नाहीतर संध्याकाळी विजेच्या तारेवर येऊन बसणाऱ्या गल्लीतल्या पिंगळ्याचाही फोटो कुणी टाकणार नाही. आणि ‘यादीतल्या’ शब्दाला ती यादी जोडा, नाहीतर पहिल्याच दिवशी ‘कुठली यादी?’ येईल.