साबणाचं पाणी, विष न्हवं? वॉशिंग सेंटरच्या पाण्यावर मला बोलायचंय

हरिपूरचा काठ
परवा सांगलीच्या एका गटावर एकानं लिहिलं होतं, "वॉशिंग सेंटरवाल्यांच्या मागं लागू नका. ते साबणाचं पाणी आहे, विष न्हवं. घरचं धुण्याचं पाणी गटारात सोडता तेव्हा चालतं." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

घरच्या धुण्यात डिझेल नसतं. ट्रकच्या चेसीला डिझेल मारायचं, ग्रीस सुटलं की प्रेशरनं उडवायचं, चाकांना अ‍ॅसिड फासायचं आणि हे सगळं रस्त्याकडेच्या उघड्या गटारात सोडायचं. ते गटार पावसाचं आहे, ड्रेनेजचं नाही. वाटेत कुठंही प्रक्रिया नाही. ओढा, मग कृष्णा.

आमची विहीर अशाच एका सेंटरपासून साठ पावलांवर आहे. त्यांनी गटारात सोडणं बंद केलं आणि शोषखड्डा मारला. मला बरं वाटलं होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात आई म्हणाली, पाण्याला रॉकेलसारखा वास येतोय. बघितलं तर वर इंद्रधनुष्यासारखा तवंग. मालकांना विचारलं तर म्हणाले, "मुरतंय की जमिनीत." मुरून आमच्याच विहिरीत आलं होतं. आज त्या विहिरीचं पाणी जनावरंसुद्धा तोंडाला लावत नाहीत.

१९७४ च्या पाणी कायद्याच्या २४ व्या कलमात ओढा आणि विहीर दोन्ही येतात. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्यात तेल-ग्रीस लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, ड्रेनेजमध्ये २०. चेसी धुतलेलं पाणी तसंच सोडून या आकड्यात बसवून दाखवा.

पाना-पक्कड
ती पोस्ट माझीच. कुपवाड रोडला माझं सेंटर आहे, तोंड लपवत नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं. उतरल्यावर मारुती रोडच्या दुकानांत गुडघाभर चिखल. माझा पंप अकरा दिवस तिथं चालला, डिझेल माझं, पोरं माझी, कुणाकडून रुपया घेतला नाही. तवा कुणी इचारलं न्हाय पाणी कुठं चाललंय. आता कर्ज काढून रॅम्प बांधला तर आम्ही नदी बाटवणारे झालो. शेरीनाला बघा आधी. अख्ख्या शहराचं सांडपाणी वर्षानुवर्षं कृष्णेत जातंय. माझ्या दिवसाच्या बारा गाड्या त्याच्यापुढं किती?

हरिपूरचा काठ
पुरात तुम्ही केलंत त्याबद्दल हात जोडतो, मनापासून. पण विहीर माझी आहे. शेरीनाल्यानं ती घाण केलेली नाही.

तासगाव_थॉमसन
दोघं आपसात भांडताय आणि मोठे सुटतात. मार्च २०२३ मध्ये कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला तो काय कार शॅम्पूनं? मळीचं पाणी सोडणाऱ्या साखर कारखान्यांना हात लावायची कुणाची हिंमत नाही, म्हणून वॉशिंगवाला सापडतो. आम्ही शेतकरी तेवढं शुद्ध पाणी मागत बसायचं.

पाना-पक्कड
शेतकऱ्यांचं काढलंच आहे तर ऐका. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की माझ्याकडं ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरची फवारणी यंत्रं, येतात धुवायला. टाकीच्या तळाला औषध शिल्लक असतं. "जरा आतनं पण मारा" म्हणतात. माझ्या पोराच्या हाताची कातडी गेली एकदा. कुठलं औषध होतं ते सांगायलासुद्धा गडी थांबला नाही. ते पाणी पण माझ्याच गटारातनं गेलं आणि नाव माझंच झालं.

तासगाव_थॉमसन
सगळ्यांना एका मापात मोजू नका. माझा ६०० लिटरचा ब्लोअर मी रानातच धुतो.

मिरज_बायपास
रानात कुठं? बोअरजवळ ना? आमच्या पाहुण्यांच्याकडं सगळे बोअरशेजारी धुतात, कारण पाणी तिथंच आहे. फवारणीतल्या मोरचुदाचा निळा थर बसलेला मी डोळ्यांनी बघितलाय, गवत उगवत नाही तिथं.

तासगाव_थॉमसन
तुम्हाला द्राक्षातलं काय कळतं? पाऊस पडला की डावणी रोगाच्या भीतीनं रात्री दोनला फवारणी असते आमची. धुवायला जागा शोधत बसू का?

मिरज_बायपास
माझ्या भावानं बाग काढली चार वर्षांपूर्वी. कळतं मला. आवाज खाली करा.

तासगाव_थॉमसन
...बरं. बोअरजवळ धुतो मी. शेवटचं पाणी ओळीतच फवारून टाकी मोकळी करता येते, वडील तसंच करायचे. आळस होतो. एवढं मान्य.

निवृत्त फोरमन
एकतीस वर्षं गाड्यांखाली काढली, म्हणून सांगतो. शोषखड्डा तेलाच्या पाण्याला नाहीच. तीन कप्प्यांची टाकी लागते. पहिल्यात वाळू-चिखल बसतो, दुसऱ्यात तेल वर तरंगतं, आणि तिसऱ्यात पाणी खालून वाकड्या पाइपनं घ्यायचं, म्हणजे तरंगणारं तेल मागंच राहतं. पण सगळे चुकतात ती गोष्ट वेगळी. साबण आणि प्रेशर एकत्र आले की तेलाचे इतके बारीक थेंब होतात की ते तरंगतच नाहीत, टाकी असूनही पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून ग्रीस आधी पत्तीनं खरवडायचं, लाकडाचा भुसा टाकून टिपायचं आणि मगच पाणी मारायचं. मी नव्या पोरांना पहिला आठवडाभर पंपाला हातच लावू द्यायचो नाही.

रॅम्पवर पत्रे घाला. पावसाचं पाणी टाकीत शिरलं की साठलेलं सगळं तेल एका सरीत बाहेर येतं.

हरिपूरचा काठ
हेच त्या शेजारच्या मालकांना कुणी आधी सांगितलं असतं तर आमची विहीर वाचली असती.

पाना-पक्कड
फोरमनसाहेब, टाकी आहे माझी. दोन कप्प्यांची, वाकडा पाइप नाही. तिसरा कप्पा आणि पत्रे या उन्हाळ्यात करतो. हरिपूरवाले, चेसी धुतलेलं पाणी साबणाचं पाणी न्हवं, ते वाक्य मागं घेतो. शेरीनाल्याचं घेत नाही.

पण एक सांगा. काळं ऑइल भंगारवाला नेतो, त्याचे पैसेपण देतो. टाकीच्या तळाचा गाळ, तेल-वाळू-पाणी एक झालेला, तो कोण नेतो? ऑइल नेणाऱ्याला विचारलं, म्हणाला पाणी आहे, नको. कचऱ्याच्या गाडीवाल्यानं हाकललं. चाळीस लिटरचे तीन कॅन मागं पत्र्याखाली ठेवलेत, दिवाळीपासून. तिसरा कप्पा केला की चौथा कॅन भरणार. कुठं नेऊ?

निवृत्त फोरमन
ओतू नका कुठं. झाकण घट्ट लावून ठेवा. कुपवाड एमआयडीसीत घातक कचरा उचलणारी गाडी कुठल्या तरी कारखान्यात येतच असेल, तिथं चौकशी करतो. पाचसहा सेंटरवाले मिळून एक बॅरल भरत असाल तर सांगा.

पाना-पक्कड
चौघं तयार आहेत. पाचव्याला उद्या विचारतो.