मदत हवी आहे: अ‍ॅसिडच्या प्लास्टिक कॅनची टेस्टिंग नागपुरात कुठे होते?

नमस्कार मंडळी. बुटीबोरीत आमचं केमिकल भरण्याचं छोटं युनिट आहे. ९८ टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिड ३५ लिटरच्या एचडीपीई कॅनमधून जहाजाने निर्यात करायचंय, म्हणजे यूएन मार्क (धोकादायक मालाच्या पॅकिंगची टेस्ट झाल्याची खूण) लागणारच. कॅनवाला म्हणतो, "पाणी भरून १.२ मीटरवरून टाकला, काही झालं नाही." अहो, पण हे अ‍ॅसिड पाण्याच्या १.८४ पट जड! पाण्याने टेस्ट घ्यायची तर पॅकिंग ग्रुप २ साठी (म्हणजे मध्यम धोक्याच्या मालासाठी, त्यात हे अ‍ॅसिड येतं) उंचीही १.८४ मीटर धरावी लागते ना? तीही कॅन उणे १८ अंशांपर्यंत थंड करून. त्याच्या कॅनवर 'वाय १.४' छापलंय, म्हणजे ग्रुप २ मध्ये पाण्याच्या १.४ पटीपर्यंतच जड द्रव चालतो, तेव्हा तो माल माझ्या लेखी बाद.

खरी काळजी उन्हाची. थप्पीची टेस्ट (कॅनवर थप्पीइतकं वजन ठेवून) ४० अंशांवर २८ दिवस चालते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५, बंद ट्रकमध्ये तर विचारूच नका. जास्त तापमानावर थप्पी लावून बघायची सोय विदर्भात कुणाकडे आहे का? की इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगकडे मुंबईलाच नमुने पाठवायचे? खर्च साधारण किती येतो? ज्यांनी करून घेतलंय त्यांनी सांगा. "काही होत नाही हो" हे उत्तर कॅनवाल्याने आधीच दिलंय.